पासंग

एकेचाळीस वर्षं अमळनेरच्या मार्केट यार्डात
मी मापाडी होतो.
दादर, हरभरा, भुईमूग, तीळ.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरायचा,
एवढंच काम.
व्यापारी डोळ्यानं खुणावायचा, माल आणणारा डोळ्यानं विनवायचा,
मी दोघांकडेही बघायचो नाही.

आता उजवा खुबा झिजलाय.
धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटोवर पेन टेकवला :
"इथं फट असते. तुमच्यात उरली नाही."
ऑपरेशनचं पुढं बघू, म्हणाले,
आधी वजन उतरवा, व्यायाम करा,
नाशिकहून एक मॅडम फोनवर शिकवतील.
पाय माझा इथं, मॅडम तिकडं.
मी काही बोललो नाही.

सोम, बुध, शुक्र, सकाळी सात.
नातू फोन टेकवतो मुगाच्या डब्याला.
पडद्यात शलाका मॅडम,
त्यांच्या मागं दोरीवर कुणाचे तरी शाळेचे मोजे.
"सुपडूआप्पा, नुसतं डोकं दिसतंय, कंबर दिसू द्या."
मंजाबाई चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसली.
हसता हसता म्हणाली,
"जलमभर लोकेसना माल मोजा,
आते सोताले मोजा."

गोधडीवर उताणा, गुडघे उभे,
कंबर उचला, मोजा, सोडा.
मोजणं तर येतं मला.
लाभ, दोन, तीन...
"आप्पा, एक राहिला."
मॅडम, आमच्यात एक नसतो.
पहिल्या मापाला लाभ म्हणतात,
मग कितीही तोटा होवो.

कधी रेंज जाते.
मॅडम हात वर करून थिजतात,
मीही पाय वर धरून थांबतो.
एकदा भोंगा वाजेपर्यंत थांबलो होतो,
मांडीला मुंग्या आल्या,
पण सोडा म्हणाल्याशिवाय सोडणार कसा?

रविवारी वजन लिहून पाठवायचं.
एक्क्याण्णव. नव्वद. साडेअठ्ठ्याऐंशी.
भाकरी दोनाची एक केली,
शेवभाजीवरचा तवंग चमच्यानं काढून
वाटीत ठेवला, बघत बसलो.
मग मार्गशीर्षात साडूच्या मळ्यात भरीत झालं.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती,
मिरची खलबत्त्यात कुटत होते,
गार वारं, आणि पुऱ्या संपेचनात.
दुसऱ्या दिवशी काटा म्हणाला नव्वद.
मी लिहिलं सत्त्याऐंशी.

एकेचाळीस वर्षांत कुणासाठी काटा मारला नाही,
मारला तो स्वतःसाठी.
त्या रात्री खुबा दुखत नव्हता
तरी कूस बदलत राहिलो.

सोमवारी सांगून टाकलं.
मॅडम गप्प.
मला वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाल्या, "पुऱ्या किती?"
नऊ.
"आणि भरीत?"
ते मोजलं नाही.
"बरं. उताणे व्हा.
लाभ..."

चौऱ्याऐंशीवर आलोय आता.
बाजारात निघालो की झांबर शिंपी विचारतो,
काठी कुठं विसरला?
विसरलो नाही, दाराआड आहे,
ढग आले की लागते.
फट परत येत नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.
डावीकडं जरा झुकून चालतो,
तेवढा पासंग अंगातच राहणार.

दीड वर्ष झालं, उजव्या पायाची नखं मंजाबाई काढते,
बडबडत, चष्मा नाकावर आणून.
काल खुर्चीवर बसून वाकून बघितलं.
घोट्यापर्यंत हात गेला.
अंगठा अजून चार बोटं लांब.
तिला म्हटलं, ब्लेड ठेव तुझ्याकडेच,
अजून काही दिवस.